वस्तूंसाठी स्थळ पाहताना : घरातील अडगळीविषयी पुणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नारायण पेठेतील वाड्यातले आमचे तीन खोल्यांचे बिऱ्हाड पुनर्विकासाच्या निमित्ताने रिकामे करण्याची वेळ आली, तेव्हा त्यातून १७ पाट, २ बंब आणि झाकणे हरवलेले श्रीखंडाचे सव्वाशेच्या आसपास डबे निघाले. घरात आम्ही माणसे चारच होतो. चार महिने चाललेल्या त्या आवराआवरीची वार्ता नातलगांत पसरली आणि तेव्हापासून कोथरूड, सहकारनगर, हडपसर अशा सगळीकडच्या परिचितांचे फोन येऊ लागले. जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते आणि त्यांना मी देत आलेली उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत.

पसारा आणि अडगळ यांत काही फरक आहे का?

आहे, आणि तो लक्षात न घेतल्यामुळेच अनेकांचे रविवार वाया जातात. वापरातल्या वस्तू जागेवर नसल्या की पसारा होतो. तो अर्ध्या तासात आवरतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा होतो, आणि ज्या घरात माणसे राहतात तेथे तो व्हायचाच. अडगळ निराळी. वापरातून गेलेल्या वस्तू जेव्हा घरातील जागा धरून बसतात, तेव्हा वापरातल्या वस्तूंना जागा उरत नाही आणि त्या खुर्चीवर, जेवणाच्या टेबलावर आणि दिवाणावर येऊन पडतात. म्हणजे रोज दिसणाऱ्या पसाऱ्याचे मूळ बहुधा न दिसणाऱ्या अडगळीत असते. हे न ओळखता पसारा आवरण्यासाठी नवे खोके, कप्पे आणि प्लॅस्टिकचे डबे विकत आणले, तर अडगळ नीटनेटकी दिसू लागते, एवढेच. म्हणून आवरायला घेतल्यापासून निदान पहिला महिना आवरण्यासाठी म्हणून काहीही विकत आणू नये.

वस्तू निरुपयोगी आहे हे कळत असूनही ती टाकवत का नाही?

लोक याला लोभ म्हणतात किंवा जुन्या वस्तूंवरचे प्रेम म्हणतात. माझ्या पाहण्यात ही दोन्ही कारणे थोडी आढळली. ‘टाकायची’ म्हणजे नेमकी कुठे, याचे उत्तर ठाऊक नसल्यामुळेच बहुतेक वस्तू घरात राहतात. चांगल्या स्थितीतली वस्तू कचऱ्यात घालणे मनाला पटत नाही, आणि ते न पटणे अगदी योग्य आहे. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या परिसरात नेऊन टाकला गेला आणि तेथील ग्रामस्थांना त्याविरुद्ध पुन्हा पुन्हा आंदोलने करावी लागली, हे ज्याने वर्तमानपत्रात वाचले आहे, त्याला ‘फेकून दिले’ हे वाक्य सहज उच्चारता येत नाही.

यावर एकच उपाय मला लागू पडलेला दिसला. घरातल्या उपवर मुलामुलींसाठी जसे स्थळ पाहतात, तसे प्रत्येक वस्तूसाठी स्थळ पाहावे. जुनी शिवणयंत्रे, पितळी डबे, सायकली, क्रमिक पुस्तके या सगळ्यांना या शहरात मागणी आहे. फक्त कोणाची मागणी कशाला आहे, हे माहीत असावे लागते. ते कळले की जी वस्तू दहा वर्षे हलली नव्हती, ती एका दुपारी घराबाहेर पडते, आणि देणाऱ्याच्या मनाला टोचणीही लागत नाही.

सुरुवात कोठून करावी?

माळ्यापासून करू नये. माळ्यावर चढण्यासाठी शिडी लागते, धुळीने शिंका येतात, आणि पहिल्याच पेटीतून निघालेल्या जुन्या पत्रांपाशी दुपार संपते. स्वयंपाकघराच्या ओट्याखालील कपाटापासून सुरुवात करावी, कारण तेथील वस्तूंबद्दल कोणाच्या भावना फारशा गुंतलेल्या नसतात. झाकण नसलेला डबा आणि डबा नसलेले झाकण यांविषयी कुटुंबात एकमत चटकन होते.

पुण्यात कोणती वस्तू कोणाकडे जाते?

या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देणे भाग आहे, कारण बाकी सारे यावर अवलंबून आहे.

रद्दी, पुठ्ठे, काचेच्या बाटल्या आणि लोखंड यांच्यासाठी रद्दीवाला आणि भंगारवाला हे जुने आणि भरवशाचे मार्ग आहेत. वर्तमानपत्रांची रद्दी, वह्या आणि पुठ्ठे यांचे दर वेगवेगळे असतात. म्हणून ती वेगळी बांधून ठेवली तर दोन पैसे अधिक मिळतात आणि वजन करताना घासाघीसही कमी होते. तांबे, पितळ आणि ॲल्युमिनियम कधीही एकत्र देऊ नये. तांब्याचा दर पितळेपेक्षा वर असतो, आणि मिसळलेल्या मालाचा भाव त्यातल्या सर्वांत स्वस्त धातूच्या अंगाने लागतो.

फर्निचर, जुने कपडे, चपला आणि विजेची उपकरणे अशा मोठ्या सामानासाठी आपल्याकडे कचरा नेण्यास येणाऱ्या ताईंना आधी विचारावे. शहरातील कचरावेचकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ मध्ये उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था निर्माण झाली, जी २००८ पासून महानगरपालिकेबरोबर घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम करीत आली आहे. या संस्थेची ‘व्ही कलेक्ट’ नावाची सेवा घरातल्या जुन्या वस्तू गोळा करते, त्यांतल्या वापरण्याजोग्या वस्तू पुन्हा वापरात जातात आणि उरलेल्यांचे सुटे भाग वेगळे केले जातात. आपल्या भागात संकलन कोणत्या दिवशी होते, हे त्या ताईंकडून कळू शकते. सुका कचरा विकून मिळणारे पैसे हा त्यांच्या कमाईचाच भाग असल्यामुळे तो स्वच्छ आणि कोरडा देणे, हे शिष्टाचाराइतकेच न्यायाचेही आहे.

बोहारीण अजूनही पेठांतून आणि जुन्या वसाहतींतून येते. जुने कपडे घेऊन बदल्यात भांडे देणाऱ्या या बायका ते कपडे धुऊन, उसवलेले शिवून पुन्हा विकतात. पँट आणि साडीला त्या जास्त किंमत धरतात. एक धोका मात्र येथे सांगून ठेवावा लागेल: दहा साड्या देऊन स्टीलचे पातेले घेतले, तर कपाट हलके होते आणि ओटा जड होतो. मी अलीकडे भांडे न घेता कपडे तसेच देते. पहिल्या खेपेस तिला माझा संशय आला होता.

सुटी हत्यारे, कुलपे, जुने रेडिओ, घड्याळे आणि पितळी कड्याकोयंडे यांच्यासाठी मंगळवार पेठेतला जुना बाजार आहे. तो बुधवारी आणि रविवारी भरतो. तेथे स्वतः विकण्यास बसणे शक्य नसले तरी एक चक्कर मारून यावे, कारण आपण ज्याला भंगार समजतो त्याला किती भाव सांगितला जातो, हे पाहिल्यावर दारावर येणाऱ्या भंगारवाल्याशी बोलताना आवाज थोडा बदलतो. वाड्यातून निघालेल्या सागवानी चौकटी, तुळया आणि दारे असतील, तर ती फोडून सरपणात घालण्यापूर्वी भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये विचारणा करावी, किंवा जुने लाकूड वापरणाऱ्या एखाद्या सुताराला दाखवावीत.

कापसाची गादी पिंजून नवी करता येते. फोमच्या गादीला मात्र स्थळ मिळत नाही. तिला उजवता उजवता मी थकले आहे आणि पुढच्या वेळी गादी घेताना हे लक्षात ठेवणार आहे.

घरातील ज्येष्ठ काहीच टाकू देत नाहीत. त्यांना कसे समजवावे?

समजवण्याआधी त्यांचे आयुष्य आठवावे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले, आणि नदीकाठच्या नारायण, शनिवार, कसबा या पेठांतील हजारो संसार एका दुपारीत पाण्याखाली गेले. ज्यांनी अंगावरच्या कपड्यांनिशी दुसऱ्याच्या घरात रात्र काढली आणि पुढे वाटी-चमच्यापासून संसार पुन्हा मांडला, त्यांच्या दृष्टीने जादाचे पातेले ही अडगळ नसते. त्यानंतर १९७२ चा दुष्काळ आला, रेशनच्या रांगा आल्या, गॅस आणि टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागले. ‘असू दे, लागेल कधीतरी’ हे वाक्य त्या पिढीने अनुभवातून कमावलेले आहे. त्याला सवय म्हणून हसू नये.

म्हणून त्यांच्या नकळत किंवा ते गावाला गेले असताना कपाट रिकामे करण्याची युक्ती कदापि करू नये. आमच्या एका नातलगाने ती केली. त्याच्या आईने पुढे सहा महिने हरवलेल्या खलबत्त्याची चौकशी केली आणि दुसरा खलबत्ता घेऊनच ती थांबली. त्याऐवजी वस्तू कोणाकडे जाणार ते आधी सांगावे. ‘हे टाकतो’ म्हटले की नकार येतो. ‘कामाच्या मावशींच्या सुनेला बाळंतपणात ही शेगडी हवी आहे’ असे म्हटले की त्याच सासूबाई शेगडी घासून, पुसून, वर शेराचे माप ठेवून देतात. हे मी एका घरात नव्हे, निदान सात-आठ घरांत पाहिले आहे.

तांब्या-पितळेच्या भांड्यांचे काय करावे?

आधी ती ओळखावीत. पितळ हे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण असते, तर कासे तांबे आणि कथील यांचे. काशाचे ताट आपटले तर पितळेसारखे चेपत नाही, तडकते. पितळी पातेल्याला आतून कल्हई असल्याशिवाय त्यात आंबट पदार्थ शिजवू किंवा ठेवू नये, कारण तो कळकतो. कल्हई करणारे आता कमी राहिले असल्यामुळे अनेक घरांतील पितळी पातेली केवळ याच कारणाने माळ्यावर गेली आहेत. रोजच्या वापरासाठी दोन-तीन भांड्यांना कल्हई करून घेणे आणि बाकीची मोडीत घालणे, हा मध्यम मार्ग मला बरा वाटतो.

मोडीत घालण्यापूर्वी कसबा पेठेतील तांबट आळीत एक फेरी मारावी. तेथील कारागीर तांब्याच्या पत्र्याला ठोके देऊन भांडी घडवतात, आणि चेपलेले घंगाळ किंवा गळका बंब दुरुस्त होण्याजोगा आहे की नाही, हे त्यांच्याइतके चांगले कोण सांगणार? भांड्यांवर घातलेली नावेही वाचून घ्यावीत. कोणाच्या लग्नात कोणाकडून काय आले, याची नोंद अनेक घरांत त्या ठिपक्यांच्या अक्षरांखेरीज कोठेच नसते. मी प्रत्येक नावाचे छायाचित्र काढले आणि मग भांडी देताना हात अडखळला नाही.

घरात किती ताटे-वाट्या असाव्यात? काही आकडा आहे का?

घरातील माणसे आणि आपण स्वतः रांधून एका वेळी ज्यांना वाढतो असे पाहुणे, यांची बेरीज करावी. केळवण, डोहाळजेवण आणि बारसे आता कार्यालयात किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये होते आणि केटरर ताटे घेऊन येतो, त्यामुळे तीस ताटांचा संच बाळगण्याचे कारण उरलेले नाही.

आहेराच्या साड्या आणि ब्लाउजपीस यांचा ढीग कसा कमी करावा?

ब्लाउजपीस या वस्तूविषयी मी अनेक वर्षे विचार केला आहे. ते विकत घेतले जाते, ओटीत घातले जाते, कपाटात जाते, दुसऱ्या ओटीत घातले जाते, आणि कधी कधी मूळ मालकिणीकडेच परत येते, परंतु शिवले मात्र जात नाही. या फेऱ्यात आपल्यापुरता खंड पाडणे अवघड नाही. ओटीत खणाऐवजी धान्य, नारळ आणि एखादे फळ दिले तर सवाष्णीचा मान कमी होत नाही, आणि दिलेले तांदूळ निदान शिजतात.

साड्यांच्या बाबतीत तीन प्रकार वेगळे काढावेत. जुन्या खऱ्या जरीच्या साड्यांत चांदीची तार असते, आणि साडी विरली तरी जरीला मोल असते. अशी जुनी जर विकत घेणारे व्यापारी आहेत, तेव्हा ती साडी बोहारणीला देऊ नये. मऊ झालेल्या सुती साड्यांची गोधडी होते. गोधडी शिवून देणाऱ्या बायका शहरात आणि आसपासच्या गावांत आहेत, आणि एका गोधडीत चार-पाच साड्या सहज जातात. आजीच्या साडीला पणतवाच्या अंगावरचे पांघरूण याहून चांगले स्थळ मला सुचत नाही. उरलेल्या, म्हणजे आवडल्या नाहीत पण आहेरात आल्या म्हणून ठेवलेल्या साड्या, घडी मोडण्यापूर्वीच द्याव्यात. पाच वर्षांनी त्या घडीवर फाटतात आणि मग कोणीच घेत नाही.

पुस्तके आणि जुने दिवाळी अंक ग्रंथालयाला देता येतील का?

विचारल्याशिवाय पोती नेऊन ठेवू नयेत. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचे आणि पुणे मराठी ग्रंथालय १९११ पासूनचे आहे. अशा जुन्या ग्रंथालयांत आपल्याकडची लोकप्रिय कादंबरी आधीपासून असणार हे उघड आहे, आणि त्यांनाही जागेची चणचण असते. पुस्तकांची यादी करून पाठवावी आणि त्यांना हवी तेवढीच द्यावीत. शालेय आणि महाविद्यालयीन क्रमिक पुस्तके मात्र अप्पा बळवंत चौकात जुनी म्हणून घेतली आणि विकली जातात. अभ्यासक्रम बदलण्यापूर्वी ती नेली तरच त्यांना किंमत येते. दिवाळी अंकांची परंपरा ‘मनोरंजन’ मासिकाच्या १९०९ च्या अंकापासून चालत आली आहे, आणि जुने अंक जमवणारे हौशी वाचक पुण्यात पुष्कळ आहेत. १९६०-७० च्या आधीचे अंक रद्दीत देण्यापूर्वी एखाद्या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याला दाखवावेत.

माळ्यावर मोडी लिपीतले कागद आणि पोथ्या सापडल्या आहेत. त्या ठेवून उपयोग काय?

हे एकच उत्तर मी फोनवर घाईघाईने देते: त्यांना हात लावू नका, झटकू नका, आणि रद्दीवाल्याला तर मुळीच दाखवू नका. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून अशाच घरांच्या माळ्यांवरून आणि फडताळांतून मराठ्यांच्या इतिहासाची साधने गोळा केली, आणि त्यांच्याच पुढाकाराने १९१० मध्ये सदाशिव पेठेतील भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. मंडळाच्या संग्रहात अशा घराण्यांच्या दप्तरांचे मोठे भांडार आहे. आपल्याकडचे कागद जमाखर्चाचे असतील, वतनाच्या तंट्याचे असतील, किंवा केवळ कोणीतरी कोणाला तूप पाठवल्याची चिठ्ठी असेल. जाणकाराने वाचल्याशिवाय ते सांगता येत नाही, आणि तुपाच्या चिठ्ठीलाही अभ्यासकाच्या लेखी अर्थ असू शकतो. संस्कृत पोथ्यांसाठी १८८८ मध्ये स्थापन झालेला आनंदाश्रम आणि १९१७ मध्ये स्थापन झालेले भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर यांच्याकडे विचारणा करावी. तोपर्यंत कागद सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावेत. पावसाळ्यात भिंतीला लागून ठेवलेल्या पेटीत वाळवी आणि कसर फार लवकर शिरते.

कोणती कागदपत्रे ठेवावीत आणि कोणती फाडावीत?

घराचे खरेदीखत किंवा करारनामा, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचा भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट), मिळकत कराच्या पावत्या, जमिनीचे उतारे, जन्म-मृत्यूचे दाखले, मृत्युपत्र आणि विम्याच्या चालू पॉलिसी या कधीही टाकू नयेत. वस्तूंची बिले वॉरंटी संपेपर्यंत, आणि ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे असल्यामुळे निदान तेवढा काळ ठेवावीत. वीजबिलांच्या बाबतीत बरेच जण वीस-वीस वर्षांच्या फायली बाळगतात. वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकी सतत बिलात दाखवली गेली नसेल, तर ती प्रथम देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर वसूल करता येत नाही. त्यामुळे त्याआधीच्या बिलांबाबत वाद चालू नसेल तर ती जाऊ द्यावीत. प्राप्तिकराचे कागद किती वर्षे ठेवायचे, हे ज्याच्या त्याच्या उत्पन्नाच्या प्रकारावर ठरते, तेव्हा ते आपल्या सीएला विचारून ठरवावे.

वडिलांच्या फायलीत कंपन्यांचे कागदी शेअर निघाले, तर ते जुने म्हणून फाडू नयेत. १ एप्रिल २०१९ पासून शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे कागदी स्वरूपातील शेअर विकून दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत, ते आधी डीमॅटमध्ये घ्यावे लागतात. सलग सात वर्षे लाभांश घेतला नसेल तर शेअर गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे वर्ग होतात, पण वारसांना ते तेथूनही मागता येतात. हे काम कंटाळवाणे आहे, तरीही आवराआवरीत सापडलेली सर्वांत मोलाची वस्तू अनेकदा हीच ठरते.

देवांच्या जुन्या तसबिरी आणि खंडित मूर्ती कोठे ठेवाव्यात?

पिंपळाच्या पारावर, नदीच्या पुलावर किंवा सोसायटीच्या भिंतीकडेला ठेवू नयेत. तेथे त्या पावसात भिजतात, कुत्री हुंगतात, आणि शेवटी कोणीतरी त्या कचऱ्याच्या गाडीत भरतो. आपल्या घरात जे करण्याचे धाडस झाले नाही, ते काम आपण एका अनोळखी सफाई कामगारावर ढकललेले असते. तसबिरीची काच आणि चौकट वेगळी करून सुक्या कचऱ्यात द्यावी. काच जाड कागदात गुंडाळून वर तसे लिहावे. कागदी चित्राची हळदकुंकू वाहून मनोभावे पूजा करावी, ते घरीच बादलीतल्या पाण्यात विरघळू द्यावे आणि तो लगदा झाडाच्या मुळाशी घालावा. मातीच्या मूर्तीचेही असेच करता येते. धातूच्या खंडित मूर्तीचा धातू वितळवून त्याची समई किंवा घंटा करून घेतल्याची उदाहरणे माझ्या परिचयात आहेत. दरवर्षी येणाऱ्या दिनदर्शिका भिंतीवरून उतरवल्यावर देवाचे चित्र म्हणून जमवत बसलो, तर दहा वर्षांत देवघराच्या खाली रद्दीचे दुकान होते.

जुनी औषधे, मोबाइल, चार्जर आणि बॅटऱ्या?

मुदत संपलेली औषधे संडासात किंवा मोरीत ओतू नयेत. ती, तसेच ट्यूबलाइट, बॅटऱ्या, रंगाचे डबे आणि पाऱ्याचे तापमापक हा घरगुती घातक कचरा ठरतो, आणि तो ओल्या व सुक्या कचऱ्यापासून वेगळा द्यावा लागतो. मोबाइल आणि संगणक ई-कचऱ्यात जातात. देण्यापूर्वी त्यांतील माहिती पुसून सिमकार्ड काढावे. चार्जरच्या गुंत्यात कोणत्याच उपकरणाला न लागणारे चार्जर किती आहेत, ते एकदा मोजून पाहावे. आमच्याकडे ११ निघाले.

गौरी-गणपतीचे सामान वर्षातून एकदाच लागते. तीही अडगळच का?

नाही. वर्षातून एकदा पण दरवर्षी नेमाने लागणाऱ्या सामानासाठीच माळा असतो. गौरींचे मुखवटे, स्टँड, दागिने, दिवाळीचा आकाशकंदील, पाहुण्यांची एक गादी, एवढ्यासाठी तो पुरेसा आहे. प्रत्येक खोक्यावर बाहेरून यादी चिकटवावी, कारण भाद्रपदात दोन खोकी उघडण्याऐवजी नऊ उघडावी लागली की उरलेली सात परत नीट भरली जात नाहीत. थर्माकोलची जुनी मखरे मात्र तेथे कशासाठी पडून आहेत, हे मला समजलेले नाही. राज्यात मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकबरोबर थर्माकोलवरही बंदी आली.

मला नाणी, अडकित्ते, जुने दिवे जमवण्याचा छंद आहे. घरचे त्याला अडगळ म्हणतात.

बाजीराव रस्त्याजवळचे राजा दिनकर केळकर संग्रहालय एकदा घरच्यांना दाखवून आणावे. दिनकर केळकरांनी जमवलेले अडकित्ते, दिवे, कुंकवाचे करंडे आणि दारे म्हणजे लोकांनी घरातून काढून टाकलेल्या रोजच्या वापरातल्याच वस्तू होत्या. त्यांचा संग्रह वीस हजारांच्या घरात गेला आणि आज त्यांतील सुमारे अडीच हजार वस्तूच एका वेळी मांडलेल्या असतात. मात्र या उदाहरणाचा आधार घेण्यापूर्वी एक तपासून पाहावे. संग्राहकाला आपल्याकडे काय आहे ते ठाऊक असते, त्याची नोंद असते, आणि तो वस्तू पुसतो. ज्याला आपल्याकडच्या अडकित्त्यांची संख्या सांगता येत नाही, त्याच्या घरच्यांचे म्हणणे बरोबर असू शकते.

अति साठवण हा आजार असू शकतो का?

होय. वस्तू देण्याच्या नुसत्या कल्पनेने असह्य त्रास होणे, आणि सामानामुळे झोपणे, स्वयंपाक करणे किंवा दारातून ये-जा करणेही अशक्य होणे, या अवस्थेला २०१३ पासून मानसोपचाराच्या वर्गीकरणात स्वतंत्र स्थान मिळाले आहे. तेथे आवराआवरीचे सल्ले उपयोगी पडत नाहीत. मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे, आणि त्या व्यक्तीचे घर जबरदस्तीने रिकामे करू नये.

घरात वस्तू येण्याचे प्रमाण कसे कमी करावे?

आपल्या घरच्या कार्याच्या पत्रिकेत ‘आहेर आणू नये’ असे छापावे आणि तसेच वागावे, म्हणजे आणलेला आहेर नम्रपणे परत करावा. पहिल्या कार्यात दोन-चार माणसे रुसतात, दुसऱ्या कार्यापर्यंत त्यांनाही ते सोयीचे वाटू लागते. वाढदिवसाला मुलांसाठी खेळण्यांऐवजी एकत्र सिंहगडावर जाऊन पिठलं-भाकरी खाण्याचा बेत सांगणारे एक काका आमच्या सोसायटीत आहेत आणि मुले त्यांचीच वाट पाहतात.

मोबाइलवरून केलेल्या खरेदीबाबत एवढेच सांगता येईल, की पूर्वी तुळशीबागेत जायचे तर रिक्षा, गर्दी आणि परतताना दोन्ही हातांत पिशव्या असा त्रास सोसावा लागे, आणि त्या त्रासामुळे निम्मी खरेदी टळत असे. आता तो त्रास उरलेला नाही, तेव्हा तो मुद्दाम निर्माण करावा लागतो. हवी असलेली वस्तू कागदावर लिहून कागद फ्रिजवर लावणे आणि पंधरा दिवसांनी वाचणे, ही आमच्या घरची पद्धत आहे. गेल्या यादीतील तीन वस्तू कशासाठी हव्या होत्या, हे लिहिणाऱ्यालाच आठवले नाही.

इमारत पुनर्विकासाला जाणार आहे. सामान आत्ता कमी करावे की नव्या घरात गेल्यावर?

आत्ताच. भाड्याच्या घरात एकदा, आणि दोन-तीन वर्षांनी नव्या घरात पुन्हा एकदा, असे प्रत्येक खोके दोन वेळा उचलावे लागणार असते आणि हमाली दोन्ही वेळा द्यावी लागते. भाड्याच्या घरात जी खोकी उघडलीच गेली नाहीत, त्यांचा निर्णय नव्या घराची किल्ली मिळण्यापूर्वी घ्यावा.

सगळे केले, तरी एखादी निरुपयोगी वस्तू देववत नाही. तिचे काय करावे?

ठेवावी. आमच्या १७ पाटांपैकी ९ एका कीर्तनाच्या मंदिरात गेले, ६ टिंबर मार्केटच्या सुताराने नेले. उरलेल्या दोहोंपैकी एकावर देवघर आहे. दुसऱ्यावर कोणी बसत नाही, कारण त्याचा एक पाय लचकतो. वाड्यातल्या पंगतींत बिऱ्हाडांचे पाट अदलाबदल होऊ नयेत म्हणून आजोबांनी त्याच्या पाठीवर खिळ्याने आमचे आडनाव कोरले होते, आणि त्यातल्या एका अक्षराची वेलांटी चुकली आहे.